कऱ्हाड ते कवलापूर, हवेतून

मोबाईलवर काय वाटेल ते मिळतं. कऱ्हाडच्या विमानतळापासून सांगलीच्या विमानतळापर्यंत विमानानं जायला किती वेळ लागतो, हेही मिळतं. अंतर किती, मिनिटं किती, दिशा कुठली, सगळं मांडून ठेवलंय आणि खाली लिहिलंय, स्वस्त तिकिटं बघा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओट्याशी उभी राहून एकटीच हसले. कारण सांगलीचं म्हणून जे विमानतळ त्यात दाखवलंय, ते कवलापुरात आमच्या शेताच्या बांधाला लागून आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, तिथं म्हशी, शेळ्या आणि गाडी शिकणारी पोरं यांच्याशिवाय काही फिरकत नाही.

मी ते तात्यांना दाखवलं. तात्या म्हणजे आमच्या शेजारच्या द्राक्षबागेचे मालक, ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. टिंगल केल्याशिवाय या माणसाच्या घशाखाली चहा उतरत नाही.

"वैनी, खिडकीजवळची सीट घ्या," तात्या म्हणाले. "म्हशी लय झ्याक दिसत्यात वरनं."

मी हसले, पण तो आकडा डोक्यातून जाईना. हवेतून सरळ रेघ मारली तर साठेक किलोमीटर. आमची लेक कऱ्हाडला ज्या छोट्या विमानावर शिकत होती, त्याला बावीस मिनिटं. आणि मला तिच्याकडे जायचं तर पहाटे उठून डबा भरायचा, तासगावला एक एसटी, विट्याला दुसरी, आणि पोचेपर्यंत भाकरी वातड झालेली. तिला हातानं चार घास भरवून परत निघायचं म्हटलं तरी दिवस गेला. बावीस मिनिटं म्हणजे आमच्याकडं कुकरच्या शिट्ट्या होऊन वाफ जायची वेळ. माझी पोरगी एवढ्या जवळ आहे हे कळून मला बरं वाटायच्या ऐवजी रागच आला. कुणावर, ते विचारू नका.

लेक लहानपणी त्याच धावपट्टीवर सायकल शिकली. गुडघे फोडून घ्यायची आणि विचारायची, "आई, हितं विमान का येत न्हाई?" मी आपली म्हणायची, "तू आण." आपण उचलतो जीभ आणि लावतो टाळ्याला, पण पोरं ते धरून बसतात. सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजातून बारावी झाली आणि म्हणाली, मला पायलट व्हायचंय. भावकीत एकेकाचे डोळे पांढरे झाले. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांची छाती एवढी फुगली की मला शर्टाच्या बटणांची काळजी. मी मात्र माण तालुक्यातली आहे. दुष्काळात वाढलेली माणसं आभाळाकडं आधी संशयानं बघतात.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजावरून कळतंच आईला.

"आई, मी आज चुकले गं."

झालं होतं असं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाट काढत जायचं, अशी त्यांची परीक्षाच असते. शिकवणारे कॅप्टन शेजारी बसतात. तिला वाट दिली होती ती नेमकी आमच्याकडची. कऱ्हाडहून निघायचं, आमच्या जुन्या धावपट्टीच्या बरोबर वर यायचं, तिथून वळायचं, विट्यावरून परत कऱ्हाड. उतरायचं नाही, नुसतं वरून जायचं. सगळ्यांनी तिला चिडवलं होतं की तुझा तर घरचाच पेपर. आणि घरच्याच पेपरात बाई नापास झाल्या. कॅप्टननी विचारलं, खाली कुठलं गाव? ही म्हणाली, तासगाव. ते होतं इस्लामपूर.

मी तोंडाला पदर लावला. हसू येत होतं आणि रडूही. तासगाव आपलं आजोळासारखं गाव, आणि ही इस्लामपूरला तासगाव म्हणते!

"तुला हसायला येतंय," ती म्हणाली. "वरनं बघ की एकदा. सगळीकडं ऊस. प्रत्येक गावाला एक नदी, एक कारखान्याची चिमणी. मला नदी दिसली, वाटलं येरळाच. म्हटलं आता मावशीचं गाव येईल, मग तासगाव, मग आपलं घर. घर शोधत शोधत गेले आणि भलतीकडंच निघाले."

दुसऱ्यांदा कॅप्टनना घेऊन गेली तेव्हा जमलं. पण तिचा विश्वास बसेना. म्हणाली, "ते शेजारी होते म्हणून जमलं. मी चुकायला लागले की त्यांचा श्वास बदलतो, मला कळतं." आता तिला तीच वाट एकटीनं जायची होती. शेजारची सीट रिकामी. आणि मग ती जे बोलली, ते अजून माझ्या कानात आहे. "आई, एकटीनं जमलं नाही तर मी घरी येते. कायमची. दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघणार नाही."

काय सांगू, त्या रात्री माझ्यात दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती, येऊ दे की, लेक घरी येईल, डोळ्यांपुढं राहील, ते आभाळ नको आणि तो घोर नको. दुसरी म्हणत होती, अगं, तोंड पाडून आलेली लेक घरात असली तरी असल्यासारखी असते का? सकाळपर्यंत दुसरी जिंकली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, देवा, माझी पोरगी घरी येऊ नये.

जायचा दिवस ठरला तसं तिनं मला सांगितलं, आणि बजावलं, "कुणाला सांगू नको." मी फक्त ह्यांना सांगितलं. आता नवऱ्याला सांगणं म्हणजे काय कुणाला सांगणं आहे? पण ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. एवढी वर्षं सरहद्दीवर काढली, तिथली गुपितं कशी सांभाळली देव जाणे. दुपारपर्यंत तात्यांना कळलं, आणि तात्यांना कळलं म्हणजे कवलापूरला कळलं.

त्यातच ह्यांच्या डोक्यात कल्पना आली. हे बर्फातल्या चौकीवर होते तेव्हा पीठ, रॉकेल, घरची पत्रं, सगळं हेलिकॉप्टरनं यायचं. खाली पांढरं, वर पांढरं, चौकी दिसणार कशी? मग हे लोक खालून धूर करायचे. धूर बघून हेलिकॉप्टर बरोबर डोक्यावर यायचं.

"आगं, पोरीला वाट दिसंना म्हणून अडलंय न्हवं?" हे म्हणाले. "मग सोपं हाय. धूर करतो. कऱ्हाडातनं निघाली की दिसंल तिला."

"आवं, तिला विचारा तरी."

"तिला सांगून काय मजा? आपोआप सापडू दे. तिला वाटंल आपलं आपण सापडलं."

मला पटलं. खोटं कशाला बोलू? मला अगदी मनापासून पटलं. माझ्या नवऱ्याला एवढ्या मायेनं काही सुचलेलं मी आधी फारसं पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. आमचा ऊस नुकताच तुटून गेला होता, आणि तोडणीनंतर उरलेलं पाचट, म्हणजे तो वाळका पाला, शेतभर पडलं होतं. ह्यांनी धावपट्टीच्या टोकाशी बांधावर त्याचा मोठा ढीग रचून ठेवला. दव पिऊन पाचट ओलं झालं होतं. "ओलं तेच पायजे," हे म्हणाले, "धूर दाट हुतो." स्वेटर, मफलर, पायांत फौजेचे बूट, हातात काडेपेटी. गावातली पाचपंचवीस माणसं धावपट्टीवर जमलेली. बाया गाजरं धुवायची सोडून आलेल्या. आमच्याकडं त्या दिवसांत घरोघरी गाजरांचे ढीग असतात, आणि गाजरं धुवायची सोडून येणं म्हणजे लग्नाला आल्यासारखंच. तिनं कऱ्हाडातून निघताना मला एक अक्षरही नसलेला मेसेज पाठवायचा असं ठरलं होतं, नुसतं हात जोडल्याचं चित्र. ते आलं. ह्यांनी काडी ओढली.

धूर झाला. लय झाला. पण बर्फाच्या डोंगरावर वारा असतो, आमच्याकडं थंडीच्या सकाळी पान हलत नाही. धूर पुरुषभर वर गेला, तिथंच थबकला आणि खाली यायला लागला. गोधडी अंथरावी तसा तो धावपट्टीवर पसरत गेला. आधी ते टोक गेलं, मग मधला भाग, मग म्हशी दिसेनाशा झाल्या. आम्ही सगळे खोकत उभे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पोरीला जी खूण सापडायला पाहिजे होती, तीच आम्ही झाकून टाकली होती.

"आवं, विझवा ते!" मी ओरडले. "पोरीची धावपट्टी गिळली तुमी!"

हे पाचटावर बूट आपटायला लागले. ठिणग्या उडाल्या. आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसं तात्या धावत गेले आणि आपला ब्लोअर घेऊन आले. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडायचं द्राक्षावर औषध मारायचं यंत्र. मोठा पंखा असतो, तो पाण्याचे तुषार करून जोरात लांब फेकतो. टाकीत पाणी होतं. तात्यांनी सोडला ब्लोअर. पाण्यानं आग विझली म्हणा, पण ओल्या पाचटाचा धूर दुप्पट झाला, आणि पंख्याच्या वाऱ्यानं उरलेल्या धावपट्टीवर व्यवस्थित सारवून निघाला. एक कोपरा कोरडा राहिला असता, तोही तात्यांनी ठेवला नाही.

"तात्या, बंद करा वं!" मी रडकुंडीला आले.

"वैनी, आग तर इझली!"

"आग नडली न्हवती मला!"

आणि तेवढ्यात आवाज आला. आधी फवारणीचं यंत्र असल्यासारखी बारीक घरघर, कऱ्हाडच्या बाजूनं. तात्यांनी ट्रॅक्टर बंद केला. वर बघितलं तर धूर. माझी लेक माझ्या डोक्यावरून चालली होती आणि मला तिच्या विमानाचा पंखसुद्धा दिसत नव्हता. तिला तरी आम्ही काय दिसणार? मला एकच सुचत होतं, तिच्या शेजारची सीट रिकामी आहे. तिचा श्वास बदलला तर ऐकायला कुणी नाही.

हाक मारावी असं गळ्याशी आलं. वेडेपणाच, एवढ्या वर हाक कुठली पोचतेय? पण तोंड उघडलं होतं, आणि मीच ते हातानं दाबलं. ती सवय आहे. आमच्या घरात जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत. सगळीकडंच मारत नाहीत, पण फौजी घरात तर मुळीच नाही. हे सुट्टी संपवून निघाले की हातावर दही द्यायचं आणि मग तोंडाला कुलूप. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीला हे मफलर विसरून निघाले. मफलर माझ्या हातात, हे रस्त्याला लागलेले, आणि हाक मारायची नाही. मग मी मागच्या दारानं निघाले, उसातून, बांधावरून, ही धावपट्टी तुडवत, साडीचा काचा मारून, आणि एसटीच्या थांब्यावर ह्यांच्या आधी पोचून समोर उभी राहिले. समोरून दिलेलं चालतं.

आवाज बरोबर डोक्यावर आला, आणि मग बदलला. हे कान देऊन उभे होते. काजळीनं तोंड काळं झालेलं, भुवया अर्ध्या जळालेल्या.

"वळली," हे म्हणाले. "ऐन डोक्यावर वळली बग."

"तुमाला काय दिसलं?"

"आवाज वळला की."

आवाज विट्याच्या दिशेनं गेला आणि बारीक होत मिटला. धूर नंतर पांगला, अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखा. धावपट्टी पुन्हा दिसायला लागली, ऐटीत, म्हशींसकट. लोक पांगले नाहीत. कुणी चहा घेईना. तात्यांनी एकही टिंगल केली नाही, तेव्हा मला जास्तच भीती वाटली. फोन मी दोन्ही हातांत धरला होता. माझ्या डोक्यात नको नको ते. चुकली असेल तर कुठं असेल? उसावर उतरता येतं का? हे माझ्यापासून चार हात लांब बांधावर बसले होते आणि विझलेलं पाचट काडीनं उकरत होते. पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखा बसला होता. मला राग आला आणि त्या रागातच दया आली.

फोन वाजला.

"आई! उतरले! जमलं!"

मी ह्यांच्याकडं बघून नुसती मान हलवली. ह्यांनी डोळे मिटले. तात्यांनी टोपी हवेत उडवली, ती म्हशीच्या शिंगात पडली.

"पण आई, ऐक ना, तिथं आले तर धावपट्टीच नव्हती! धूर होता नुसता. कुणीतरी पाचट पेटवलं होतं. असला कोण शहाणा निघाला गं गावात?"

फोन स्पीकरवर होता. पाचपंचवीस माणसं आभाळाकडं, चपलांकडं, गाजरांकडं बघायला लागली.

"असंल कुणीतरी," मी म्हणाले. "मग गं? काय केलंस तू?"

"वाटलं परत चुकले. घर शोधायला खाली बघणारच होते. मग म्हटलं, न्हाई. दिशा बरोबर धरली होती. बावीस मिनिटं झाली होती. धावपट्टी काय चालत जाणार हाय? दिसली न्हाई तरी ती इथंच असणार. वळले. आणि विटा अगदी नाकासमोर आलं गं, आई, जिथं यायला पायजे तिथंच!"

ती हसत होती आणि रडत होती. मीही. आमच्याकडं बायकांना दोन्ही एकदम येतं.

रविवारी ती आली, एसटीनं. अडीच तास, तासगावला आणि विट्याला गाडी बदलून. जेवायला बसलो तेव्हा पुन्हा तिनं तेच काढलं. "पप्पा, कळलं का वो, धूर कुणी केला ते?" मी भाकरी थापत होते, हात थांबला. हे मान खाली घालून आमटीत भाकरी कुस्करत राहिले. मला वाटलं, पचवतील. पण माणूस शेवटी फौजेतला. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "तो शहाणा मीच. तुला वाट दिसावी म्हणून केला."

ती बघतच राहिली. मग ह्यांच्या अर्ध्या जळालेल्या भुवयांकडं तिचं लक्ष गेलं, आणि अशी हसत सुटली की ठसका लागला. मी पाणी दिलं. हसू ओसरल्यावर तिनं ह्यांचं ताट पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं.

"बरं झालं, पप्पा," ती म्हणाली. "धावपट्टी दिसली असती तर मला कधी कळलंच नसतं, मला येतंय का न्हाई ते."

ह्यांनी पुन्हा आमटीत भाकरी कुस्करायला घेतली. मी तव्यावरची भाकरी करपू दिली.

दुपारी ती निघाली. मी हातावर दही दिलं. ती पाठीला पिशवी अडकवून रस्त्याला लागली, एकदाही मागं न बघता, अगदी बापासारखी. मी आत वळले तर ओट्यावर डबा तसाच. गाजराचा हलवा, पहाटे उठून केलेला. ह्यांनी बघितला आणि हाक मारायला तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

मग डबा उचलला, काचा मारला आणि मागच्या दारानं निघाले. आता गुडघे ऐकत नाहीत, आणि उसाची नुसती खुंटं, पायाला टोचतात. तरी बांध ओलांडला, ते काळं पडलेलं पाचट ओलांडलं, धावपट्टी धरली आणि पळाले. म्हशींनी मान वर करून बघितलं. थांब्यावर ती यायच्या आधी पोचले आणि धापा टाकत रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

ती वळणावर आली, मला बघून थबकली. "आई! काय गं हे? हाक मारायची की!"

"घे," मी डबा तिच्या हातात दिला. एसटी येताना दिसत होती. "आणि आता सरळ जा."